परतवाड्याचा प्लास्टिकचा वाघ

वर्दी उतरवली, तरी ती सकाळ आठवली की आजही अंगात तरतरी येते. मी परतवाड्याला ठाणेदार होतो. संत्र्यांच्या मंडीजवळच्या चौकात टाकाऊ प्लास्टिकचे तीन प्राणी बसवले होते: वाघ, रानगवा आणि अस्वल. एका निवृत्त चित्रकला शिक्षिकेने डबे, फुटके क्रेट, ठिबकच्या नळ्या कापून-जोडून ते घडवले होते. उद्घाटन दोन दिवसांवर आलेले आणि वाघ गायब! हवालदाराने सांगितले तेव्हा मी आधी हसलोच. बाई ठाण्यात येऊन रडल्या, तेव्हा हसू मावळले.

गुन्हा दाखल केला, पंचनामा केला. तासाभरात खबऱ्याने बातमी आणली, की आदल्या संध्याकाळी एका म्हाताऱ्या भंगारवाल्याची हातगाडी चौकात उभी होती. प्लास्टिक गेले म्हणजे भंगारवालाच, असे सोपे गणित मांडून मी त्याला भरबाजारातून जीपमध्ये घालून आणले. चूक माझी, आणि ती अख्ख्या बाजाराने पाहिली.

चौकशीला बसवले, तर म्हातारा घाबरण्याऐवजी भडकलेला.

“साहेब, ते प्लास्टिक मीच तं देल्लं बाईले! आन मले चोरायचंच असतं तं वाघ कावून नेला असता? गव्यात दुप्पट माल हाय!”

मी खुर्चीतून उठलोच. खरेच की! भंगाराचा चोर वजन पाहतो. या चोराला प्लास्टिक नको होते, वाघच हवा होता. मग वाघ लागतो कोणाला?

वन खात्यात फोन लावला. कुठे वाघ दिसल्याची खबर आहे का, एवढेच विचारले. पलीकडचा वनपाल वैतागलेला होता. शेंदूरजनाघाटकडच्या एका संत्र्याच्या बागेत वाघ बसलाय म्हणून सकाळपासून तीन फोन आले होते; बागवाला मात्र म्हणत होता, तुम्ही येऊ नका. मी टेबलावर थाप मारली. संत्री मंडीत उतरवून रिकामे टेम्पो रोज याच चौकातून परत जातात!

तासा-दोन तासांत बागेत पोचलो. झाडाखाली आमचा वाघ ऐटीत बसलेला, आणि बागेत औषधालाही माकड नाही! बागवाल्याने लगेच कबूल केले.

“माकडायनं बाग खाऊन टाकली, साहेब. संत्री तोडून झाली का परत नेऊन ठेवनार होतो.”

“बाईंना विचारायचं होतं.”

“विचारलं असतं तं देल्ला असता का त्याइनं?”

पण गुन्हा तो गुन्हा. जबाब घेतला आणि वाघ त्याच्याच टेम्पोत चढवला. उद्घाटन ठरल्या वेळी होणार होते. मला इतका आनंद झाला, की वाटेत शिपायांना चहा पाजला.

ठाण्यात म्हातारा तसाच बसून होता. मी हात जोडून माफी मागितली. म्हटले, “बाबाजी, जीपने घरी सोडतो.”

“जीपीत नाई बसत. लोक म्हनतीन, आता दुसऱ्या ठान्यात नेऊन राहिले. पायीच जातो. तुमी संग चाला.”

माणसाला गुन्हा विचारण्याआधी त्याचा धंदा विचारावा, हे त्या दिवशी शिकलो. दुसरी शिकवण त्या वाटेवर मिळाली. म्हातारा दर दुकानापुढे थांबायचा आणि म्हणायचा, “साहेब, सांगा याइले.” वर्दीतला मी सांगायचो, “वाघ सापडला. यांच्यामुळे सापडला.” बाजार चांगला लांब होता. त्याने एकही दुकान सोडले नाही, आणि मीही सोडू दिले नसते.