ताकोयाकी खाल्लेल्या वसुधाबाई

आमच्या कारखान्यातून कोणी प्रशिक्षणाला जपानला निघालं की वसुधाबाई त्याची बॅग उघडायला लावायच्या आणि चिवड्याचा डबा काढून घ्यायच्या. "हौ, उपाशी नाही मरत तिथं. रस्त्यावर इतकं मिळतंय!"

मग सांगणं सुरू. "ओसाकात गाड्यावर ताकोयाकी खा. आपल्या आप्पेपात्रासारखंच पात्र, आत ऑक्टोपसचा तुकडा. घाई नक्को, जीभ पोळते. ते जमत नसेल तर ताईयाकी घे. आकार माशाचा, पोटात लाल कडधान्याचं गोड पुरण. थंडीत भाजलेलं रताळं. खोलीत दशम्या चावत बसू नको."

परदेशी कंपन्यांना दारं नुकतीच उघडली होती. आमच्याकडून जपानला पहिल्या गेल्या त्या वसुधाबाईच. मी देगलूरकडचा, घरातला पहिला पदवीधर. साहेबांसमोर मान खाली घालून उभा राहायचो. यंत्रावरचं काम आणि मान वर करून बोलणं, दोन्ही त्यांनीच शिकवलं.

त्या परतल्या त्या वर्षी महालक्ष्म्यांचं जेवण त्यांच्या काचीगुड्याच्या घरी होतं. गौलीगुड्याच्या बाजारातून केळीची पानं घेऊन मी सकाळीच पोचलो, तर स्वयंपाकघराच्या दारात त्यांच्या सासूबाई आडव्या उभ्या.

"तिथं काय काय खाल्लंस ते आधी सांग. मग सोवळं नेस आणि पुरणाला हात लाव."

वसुधाबाईंचे यजमान हळूच म्हणाले, "अगं, ती पुरणाची मासोळी खाल्ली म्हण ना. खोटं थोडंच आहे? मिटलं."

"तीही खाल्ली. आणि ऑक्टोपसही खाल्ला, आई. आवडला म्हणून पुन्हा खाल्ला."

"आठ पायांचा तो! प्रायश्चित्त घे, नाही तर चुलीला शिवू नकोस."

"चोरी केली असती तर घेतलं असतं. देवीला चालत नसेल तर देवी सांगेल की. तुम्ही कशाला सांगता?"

वसुधाबाईंनी अंगणात स्टोव्ह मांडला आणि पुरण शिजायला घातलं. आतला नैवेद्य आत झाला. अंगणातल्या पोळ्या देवीपुढे गेल्या नाहीत. आम्ही कारखान्यातली माणसं त्या पोळ्यांना बसलो. जरा वेळानं यजमानही आपलं पान उचलून आमच्यात येऊन बसले. वसुधाबाईंनी त्यांच्याकडे न बघता तूप वाढलं.

सासूबाई होत्या तोवर दर महालक्ष्म्यांना प्रायश्चित्ताचं विचारलं गेलं आणि दर वेळी अंगणात स्टोव्ह पेटला. पंगत मात्र वाढत गेली.

वसुधाबाई आता नाहीत. पुढे मीही प्रशिक्षणाला जाऊन जपानहून परतलो तेव्हा गावात भावकी पंगतीला बसली होती. "तिथलं काही खाल्लं तर नाहीस ना?" थोरल्या काकांनी विचारलं. आई मागून डोळ्यांनी खुणावत होती, नाही म्हण.

"खाल्लं," मी म्हणालो, आणि त्यांच्या पंक्तीतून माझा पाट उचलला जाण्याआधी मीच उठलो.