घरचं लुगडं

काकीसाहेबांनी माझ्या आईच्या लुगड्यावर चहा ओतला. चुकून नाही. कप तिरका धरून, पदरापासून निऱ्यांपर्यंत, कुंडीला पाणी घालावं तसा सावकाश. मग उदबत्तीच्या घरातली राख बोटांवर घेतली आणि काठाला चोळली. दोन पावलं मागे सरकून बघितलं. म्हणाल्या, "आता दिसते मोलकरीण."

लुगडं माझ्या अंगावर होतं.

गणपतीतलं नाटक होतं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. मेकअपची खोली बायकांनी भरलेली. कुणी हसलं, कुणी आरशात बघत लिपस्टिक लावत राहिलं. एकीनं विचारलं, "डाग जाईल ना हो?" काकीसाहेब म्हणाल्या, "गेला नाही तर बरंच. पुढच्या वर्षी पुन्हा उपयोगी पडेल."

काकीसाहेब म्हणजे आमच्या ग्वाल्हेरच्या मराठी मंडळाच्या अध्यक्षांची बायको. नाटक त्याच बसवायच्या. मंडळाची एक पद्धत होती, अजून आहे. ज्या घरचा शालू, त्या घरची नायिका. दागिने खरे, शालू खरा, म्हणून भूमिका त्यांची. नायिकेला बोलता येतं की नाही हा प्रश्न कुणी विचारत नसे. मोलकरणीला मात्र निरोप यायचा, "लुगडं घरचं आण."

तो निरोप मी आईला सांगितला आणि आईनं महेश्वरी लुगडं काढलं. हिरवं, बारीक जरीकाठाचं, मामानं दिलेलं. हळदीकुंकवाखेरीज ती ते नेसत नसे. मुलगी चार लोकांसमोर उभी राहणार, तर चांगलं नेसून उभी राहील, एवढंच तिला कळलं. घरचं म्हणजे मळकं, हे तिला माहीत नव्हतं. आमच्या घरात मळकं नेसून कुणी बाहेर जात नसे.

काकीसाहेबांच्या घरचे दक्षिणेतून इथं आले ते ग्वाल्हेरच्या दरबारात कारभारी म्हणून. आमचे आले ते भाला घेऊन. दरबार गेला, भालाही गेला. माझे वडील पाटणकर बाजारात कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकांपुढे थान उलगडायचे आणि आई घरी ब्लाऊज शिवायची. काकीसाहेबांचेही तीच शिवायची. पण मंडळाच्या सतरंजीवर दरबार रोज भरत होता. तिथं कारभारी कारभारीच होते आणि आम्ही दाराशी.

मी स्टेजवर गेले. काकीसाहेबांची मुलगी शालूत उभी होती. मी "जी बाईसाहेब" म्हटलं, ट्रे पाडला, शिव्या खाल्ल्या. हॉल हसला. शेवटच्या रांगेत आई बसली होती. ती लुगड्याकडे बघत होती.

घरी आल्यावर तिनं ते बादलीत भिजवलं. विचारलं, "चायमध्ये शक्कर होती का गं?"

"होती."

"मग दोनदा धुवावं लागेल. मुंग्या येतात."

बस्स. डाग गेला नाही. पुढच्या महिन्यात काकीसाहेबांकडून ब्लाऊजपीस आले. आईनं पिशवी उघडलीसुद्धा नाही. आणणाऱ्या बाईला म्हणाली, "सांगा त्यांना, टाइम नाही." नंतरही कधी शिवले नाहीत. तिला एका कपात कळलं. मला अर्धं आयुष्य लागलं.

कारण मला नाटक करायचं होतं, आणि मराठीत करायचं होतं. ग्वाल्हेरात मराठीचं स्टेज एकच. त्याची किल्ली काकीसाहेबांच्या कमरेला.

असं नाही की मला दुसरं काही येत नव्हतं. सिटी सेंटरला विम्याच्या कचेरीत नोकरी लागली, आणि संध्याकाळी मी फूलबागेजवळच्या एका हिंदी नाटकवाल्यांकडे जायला लागले. तिथं कपडे एका पत्र्याच्या ट्रंकेत असत. ज्याला जी भूमिका, त्याला तो कपडा. मी न्यायाधीश झाले, राणी झाले, एकदा दारुड्या म्हातारा झाले. मिशी लावून. लोक उठून उभे राहिले. दुसऱ्याच आठवड्यात गणपती आले आणि मंडळाच्या स्टेजवर मी पुन्हा ट्रे घेऊन उभी. काकीसाहेब पाहुण्यांना कौतुकानं सांगायच्या, "हिला काही शिकवावं लागत नाही. अगदी नैसर्गिक करते."

नैसर्गिक. हा शब्द मी इतक्यांदा ऐकला की आता कुणी माझ्या अभिनयाला नैसर्गिक म्हटलं तर मी त्याच्या हाताकडे बघते. त्यात कप आहे का म्हणून.

मोलकरणीचा मला कमीपणा नाही. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका धुणीभांडी करत होत्या, आणि त्यांच्यातली एकही मंडळाच्या नाटकातल्या मोलकरणीसारखी नव्हती. त्या ट्रे पाडत नव्हत्या. ट्रे पडला तर कामावरून काढतात, हे त्यांना ठाऊक होतं. भांडी पाडणारी, ओरडा खाऊन दात काढणारी बाई ही फक्त शालूवाल्यांच्या डोक्यात राहते. तिला तिथून स्टेजवर आणायचं काम माझं.

मधे एकदा सिनेमावाले आले. त्यांना जुना बंगला हवा होता. काकीसाहेबांचे चिरंजीव दादासाहेब आता मंडळाचे अध्यक्ष. त्यांनी बंगला दिला, आणि बंगल्याबरोबर माणसंही दिली. आपल्या सूनबाईला डॉक्टरीण केलं. एक वाक्य, तेही तिनं सहा वेळा चुकवलं. मला ट्रे. सहायक पोरगं चांगलं होतं, त्यानं मला विचारलं, "आंटी, पहले एक्टिंग की है?" मी तोंड उघडायच्या आत दादासाहेब म्हणाले, "यही करती आई है।"

मी ट्रे धरला. सिनेमात माझी कोपरं दिसतात.

मग आई गेली. तिची मशीन माझ्याकडे आली आणि मी नाटक लिहिलं. रडून नाही, कचेरीतून आल्यावर माझं आणि मुलीचं जेवण उरकून, रोज थोडं. ब्लाऊज शिवणारी एक बाई. दिवसभर दुसऱ्यांची मापं घेते. शहरातल्या सगळ्या मोठ्या घरांची छाती, कंबर, पाठ तिला ठाऊक. कोण फुगलं, कोण खंगलं, कोण कुणापासून लपवतंय, हे तिच्या टेपवर येतं. ती बोलते ते आमच्या ग्वाल्हेरच्या मराठीत, जशी आई बोलायची. स्टेजवर जवळजवळ एकटीच. मी ते लिहिताना भूमिका कुणाची हे ठरवायचीही गरज नव्हती.

त्या वर्षी मंडळाला स्पर्धेला नवं नाटक हवं होतं. दादासाहेबांनी वाचायला मागितलं. फोन आला, "फारच छान. मंडळ करणार." मी त्या दिवशी कचेरीत सगळ्यांना समोसे खिलवले. हेही लिहून ठेवते, कारण आनंद झाला होता.

वाचन त्यांच्याच दिवाणखान्यात. ताटात संहिता, तिच्यावर हळदीकुंकू, बाजूला नारळ. नारळ नायिकेच्या हाती देतात, ती आमची मुहूर्ताची रीत. काकीसाहेब सोफ्यावर, आता थकलेल्या, पाय स्टुलावर. दादासाहेबांनी नारळ उचलला आणि सूनबाईच्या ओंजळीत ठेवला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या असत्या, हात सवयीनं वर आले होते.

मी विचारलं, "हे काय?"

दादासाहेब हसले. "अगं, थोडे बदल केलेत. शिलाईवाली बाई कोण बघणार? ती मूळ सरदार घराण्यातली दाखवलीय. दिवस फिरले म्हणून बुटीक चालवते. म्हणजे शेवटी शालू येतो."

"आणि मी?"

"तुला कसं विसरू? तुझ्यासाठी मोलकरीण घातलीय."

"माझ्या नाटकात मोलकरीण नाही."

"आता आहे ना! तू रिकामी राहिली असतीस."

सूनबाईनं नारळ मांडीवर घेतला. "मावशी, तुमच्याशिवाय कोण करणार? तुम्ही किती नॅचरल करता! आम्हाला तर जमेचना, सच में."

तिच्या आवाजात खोट नव्हती. तीच गंमत. या लोकांना अपमान करावा लागत नाही, तो त्यांच्या घरात कढीपत्त्यासारखा सहज असतो.

आणि मग सोफ्यावरून काकीसाहेब बोलल्या. डोळे अर्धे मिटलेले, आवाज बारीक झालेला, पण वाक्य तेच. "लुगडं घरचंच आण हं."

खोलीत कुणाला काही वाटलं नाही. कुणीतरी चहाचे कप फिरवत होतं. माझ्यासमोरही कप आला.

मी तो घेतला नाही. म्हटलं, "काकीसाहेब, ते लुगडं आता नाही. तुम्ही चहा ओतलात ना, ते. डाग गेला नाही. आईनं त्याची पायपुसणी शिवली. आम्ही कितीतरी वर्षं तुमच्या मोलकरणीवर पाय पुसले."

काकीसाहेबांनी डोळे उघडले. त्यांना आठवलं नव्हतं. हे मला त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं. मी जे अर्धं आयुष्य अंगावर नेसून फिरले, ते त्यांच्या लक्षातही नव्हतं.

मी उठले, ताटातून संहिता उचलली. हळदीकुंकू बोटांना लागलं, ते तिथल्याच नॅपकिनला पुसलं.

दादासाहेब उभे राहिले. "अगं, असं भरल्या ताटातून उचलतात का? अपशकुन होतो."

"तुमच्या नाटकाला होईल. हे माझं आहे."

"मंडळाशिवाय करणार कुठं? कोण येणार बघायला? मराठी समाजात राहायचंय की नाही?"

"मी समाजात राहत नाही, दादासाहेब. भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहते. भाडं मीच भरते."

बाहेर येऊन चपला घातल्या. घरी मुलीला सांगितलं. ती मोबाईलवरून मान वर करून म्हणाली, "आई, सीरियसली? तू उठून आलीस? इतने साल बाद?" मग म्हणाली, "नारळ पण आणायचा होतास ना. चटणी झाली असती."

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. मंडळानं हॉल नाकारला. प्रकाशयोजना बघणाऱ्याला अचानक लग्नांची कामं निघाली. नाटकात छोटं काम करणार होती ती शेजारीण म्हणाली, "ताई, आमच्या ह्यांचं त्यांच्याशी काम पडतं हो." मी म्हटलं, "पडू दे. तू जा." तिचं काम मी टेलिफोनवरच्या आवाजाचं करून टाकलं. आता तो आवाज माझी मुलगी देते.

दादासाहेबांनी निरोप पाठवला, झालं गेलं विसरू, मोलकरणीचे संवाद वाढवतो. संवाद वाढवतो! पुडीत दोन शेंगदाणे जास्त घालावेत तसे.

मी निरोप आणणाऱ्याला बसवलंही नाही.

नाटक होणार. हिंदीवाल्यांच्या तालमीच्या खोलीत, फूलबागेजवळ, मराठीत. बघायला कमी येतील, कदाचित कुणीच येणार नाही. तरी होणार. मशीन आईची, टेप आईची, साडी सुती, धुतलेली, इस्त्री केलेली. नायिका मी. पुन्हा कुणाच्याही स्टेजवर, कुठल्याही कॅमेऱ्यासमोर, मी ट्रे धरणार नाही.

दादासाहेब आणि सूनबाईंना आमंत्रण दिलेलं नाही. यायचं असेल तर यावं. त्यांच्यासाठी माझ्या नाटकात भूमिका नाही आणि मी घालणारही नाही. मागच्या बाजूला खुर्च्या आहेत. चपला बाहेर काढाव्यात. चहा आत आणायला मनाई आहे.