पुठ्ठ्यावरचं घड्याळ

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलासुद्धा नाही — आणि तिच्यापासून माझं काही लपत नाही असा तिचा समज आहे. तुम्ही फक्त ऐका. मध्येच "अहो, तेव्हा सगळेच दुकानदार करायचे" असं म्हणू नका. त्या वाक्याचा मला वीट आलाय.

नव्वदीच्या शेवटी सणसवाडीत माझं किराणा दुकान होतं. दारात सोरटाचा पुठ्ठा टांगलेला — ओळीने चिकटवलेल्या चिठ्ठ्या. आठ आणे द्यायचे, एक फोडायची, आतल्या नंबरावर फुगा, नाहीतर कंगवा. आणि सगळ्यांत वर, चकाकत, एक लेडीज घड्याळ.

आता त्या घड्याळाच्या नंबराची चिठ्ठी पुठ्ठ्यावर नसायचीच. ती वेगळ्या पुडीत यायची. पुठ्ठा निम्मा खपला की दुकानदाराने ती गुपचूप चिकटवायची, असा रिवाज. रिवाज म्हणे! मग आधीच्या लोकांनी काय फोडलं?

आणि गल्ल्यात नाणी असताना मी "सुट्टे नाहीत, चिठ्ठी फोडा" म्हणायचो. लोक फोडायचेही. याचा तर मला जास्तच राग यायचा — त्यांचाच, हं! माझा नाही.

गणपतमामा जवळच्या कंपनीत वॉचमन होते, मूळचे इनामगावचे. मुलगी दहावीला. परीक्षेत तिच्या हातात घड्याळ पाहिजे, एवढंच त्यांच्या डोक्यात. सुट्टे मागणं त्यांनी सोडूनच दिलं होतं. स्वतःच म्हणायचे, "ऱ्हाऊ द्या शेठ, चिठ्ठीच द्या." मी मनात चरफडायचो — अहो मामा, इतक्या चिठ्ठ्यांच्या पैशांत शिरूरच्या बाजारातून घड्याळ आलं असतं! तोंडाने का नाही म्हणालो? तोंडाने म्हणायचो, "फोडा, आज लागेल."

पुठ्ठा निम्मा झाला, मी ती चिठ्ठी चिकटवली नाही. पाऊण झाला, तरी नाही. विसरलो असं म्हणता आलं असतं तर — पण नाही. चिठ्ठी उदबत्तीच्या डब्याखाली होती आणि मी रोज उदबत्ती लावत होतो.

शेवटी मोजक्या चिठ्ठ्या उरल्या, तेव्हा घड्याळ काढून मी गल्ल्यात टाकलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी मामा आले आणि उरलेल्या सगळ्या फोडल्या. प्लॅस्टिकची अंगठी निघाली. वर बघून म्हणाले, "घड्याळ कुणाला लागलं वो?"

काल एका बिहारी पोराला लागलं, तो गावी गेला — असं मी सांगितलं. असा पोरगा नव्हताच. मामांनी अंगठी खिशात टाकली. मग म्हणाले, "बरं झालं. लांबनं आलेलं लेकरू. आईच्या हातात घालंल."

शिवी का नाही दिली हो त्यांनी? भांडले का नाहीत? मुलगी परीक्षेला तशीच गेली.

पुढच्या महिन्यात बिनघड्याळाचा, म्हणजे घड्याळाची चिठ्ठीच नसलेला, स्वस्त पुठ्ठा आणला आणि तेच घड्याळ त्यावर लावलं. मामा थबकले. "तसलंच हाय की ह्ये!"

"एकाच कंपनीचं, मामा."

"मग पयली चिठ्ठी माझी. बारावीला व्हईल पोरीला."

मी पुठ्ठा खाली काढून त्यांच्यापुढे धरला. त्यांनी बराच वेळ न्याहाळून एक चिठ्ठी फोडली, आणि मी आठ आणे घेतले.