टाळ्या वाजवू नका, असं मी लिहून दिलं होतं

"बघा, हेच ते लक्षण. लिहून घ्या," साहेब माइकवर म्हणाले. आणि हॉलभर बसलेल्या शिक्षकांनी खरंच माना खाली घालून लिहून घेतलं.

ते लक्षण म्हणजे माझी मुलगी. नऊ वर्षांची नाझ. स्टेजवरच्या टेबलाखाली शिरली होती. दोन्ही कान दाबून कपाळ फरशीवर आपटत होती.

स्वमग्न मुलांना वर्गात कसं सांभाळायचं, याचंच ते प्रशिक्षण. पुण्याहून तज्ज्ञ साहेब जुन्नरला आलेले. मी दहावी नापास, बाजारपेठेत आमचं गाद्या-रजयांचं दुकान. तिथं माझं काय काम? पण नाझच्या शाळेचे हेडमास्तर दुकानात आले होते. म्हणाले, "आमच्या बाईंना न्हाई जमत तिला सांभाळायला. ट्रेनिंगला पोरगी घेऊन या. सगळे शिकतील, मग वर्गात बसवू. न्हाईतर घरीच ठेवा." म्हणून मी गेले. तिची शाळा सुटू नये म्हणून गेले.

जाताना एक कागद लिहून नेला. टाळ्या वाजवू नका. माइक जवळ आणू नका. हात लावायच्या आधी तिला सांगा. बस, इतकंच. साहेबांनी तो न वाचताच चहाच्या कपाखाली ठेवला. मी समोरच बसले होते, मला दिसलं.

मग सुरू झालं. दीपप्रज्वलन, स्वागतगीत. साहेबांचा सत्कार, हेडमास्तरांचा सत्कार, सत्कार करणाऱ्यांचाही सत्कार. प्रत्येक नारळामागं टाळ्या. नाझनं माझ्या ओढणीत तोंड खुपसलं. तिला बाहेर न्यायला उठले तर एक बाई म्हणाल्या, बसा, आता तुमचाच नंबर. त्यांनीच नाझला मनगट धरून ओढत वर नेलं. गळ्यात हार घातला. तोंडासमोर माइक धरला. साहेब म्हणाले, "एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्यात."

हॉल दणाणला आणि माझी पोर टेबलाखाली गेली.

जे करू नका म्हणून लिहिलं होतं, तेच केलं. वर त्याचं जे झालं ते वहीत उतरवून घेतलं. काय ही विद्वान माणसं. पुढची रांग तर मोबाईल काढून शूटिंग करत होती.

मी टेबलाखाली शिरून तिचा हार काढला. साहेब वाकले, हळूच म्हणाले, "तुमच्या लोकांत मुलं जास्त असतात ना, एकेकाकडे लक्ष द्यायला जमत नसेल." माइक हातातच होता, चालू होता. सगळ्या हॉलनं ऐकलं. काहीजण हसले. लेकीच्या लग्नाच्या गाद्या आमच्याकडून नेलेले पण हसले. मला एकच मूल आहे.

नऊ वर्षं मी माफ करा म्हणत आले. दवाखान्यात, एसटीत, शाळेत. तेव्हाही तोंडात तेच आलं होतं. ते गिळलं. उठले आणि माइकची वायर भिंतीतून उपटली.

हॉल गप्प झाला. थोड्या वेळानं नाझचं आपटणं थांबलं. तिनं कानावरचे हात काढले.

मी साहेबांना म्हटलं, "हे बी लक्षणच हाय. लिवून घ्या."

एकाचंही पेन हललं नाही.

नाझला घेऊन निघाले तर हेडमास्तर आडवे आले, बॅनरखाली एक फोटो तरी काढू द्या, फोटोशिवाय अहवाल जात नाही. मी कपाखालचा कागद ओढून घेतला. त्यावर चहाचा गोल डाग पडला होता. फोटो न देता आम्ही घरी आलो.

सोमवारी नाझला घेऊन शाळेत गेले. हेडमास्तर म्हणाले, "तुमीच ट्रेनिंग मोडलं, आता कसं बसवायचं?"

मी म्हटलं, "ट्रेनिंग झालंच न्हाई. आजपासून व्हईल."

डागासकट तो कागद वर्गाच्या भिंतीला चिकटवला. नाझला खिडकीशी बसवलं. दाराशी रजई पसरून मी टाके घालत बसले. तेव्हापासून रोज बसते. बाई नाक मुरडतात. मुरडू देत. त्या तीन ओळी त्यांच्या अंगवळणी पडल्या की मी उठेन. त्याआधी मला उठवायचं असेल तर पोलीस आणावे लागतील. खुशाल आणावेत.