बैलाला दिलेला हायपो

बैल दवाखान्याच्या दारातच कोसळला. तोंडाला फेस, धाप लागलेली. भानुदास त्याची शिंगं धरून बसला होता.

"डाक्टर, जोडीतला हाय. ह्यो गेला तर दुसरा बी दावनीला बसून ऱ्हाईल. वावर कशानं करू?"

"खाल्लं काय यानं?"

"खुरटी ज्वारी. बांधावरनं घुसला."

हिरड्या पाहिल्या, लालभडक. बहात्तर साल, पाऊस गायब. अशा वेळी खुरटलेल्या कोवळ्या ज्वारीत सायनाइड तयार होतं. लोक म्हणतात, किराळ लागलं. रक्तात ऑक्सिजन भरपूर असतो, पण पेशींना तो वापरता येत नाही. समोर ताट वाढलेलं आणि घशाखाली घास उतरत नाही, तसली गत. उतारा म्हणजे सोडियम थायोसल्फेट. ते सायनाइडला धरून लघवीवाटे बाहेर काढतं. माझ्या कपाटात त्याची बाटली होती. रिकामी. नगरला तीनदा मागणी पाठवली होती. मनातल्या मनात मी सगळ्या खात्याचा उद्धार केला.

मग आठवलं, फोटोवाले ज्याला हायपो म्हणतात ते हेच. समोरच वसंताचा स्टुडिओ होता. मी पळालो, मागोमाग भानुदास. डार्करूम आतून बंद.

"वसंता, हायपो दे. बैल मरतोय."

"दार उघडू नका. बीडीओ साहेबांच्या उद्घाटनाची फिल्म धुतोय. फोटो पाचच्या एसटीनं नगरला जायचेत. दहा मिनिटं थांबा."

दहा मिनिटं बैलाकडे नव्हती. भानुदासनं खांदा लावला आणि कडी निखळली. मी नुकताच फोडलेला पुडा उचलला. वसंतानं दुसरं टोक धरलं.

"निम्मा तरी ठेवा."

"निम्माच बैल वाचवू का?"

त्यानं सोडला.

हायपो विरघळताना पाणी गारठतं, म्हणून हॉटेलातलं उकळतं पाणी घेतलं. कोमट झालं तसं कापसातून गाळून मानेच्या शिरेत सोडलं. उरलेलं नळीनं पोटात, तिथलं विष तिथेच अडावं म्हणून. असली स्वच्छता कॉलेजात कोणी शिकवली नव्हती. पाऊण तासानं बैलानं मान उचलली, मग उठून रस्ताभर मुतला. भानुदास रडायलाच लागला.

तेवढ्यात बीडीओ आले. म्हणजे गटविकास अधिकारी, आमचे साहेबच. वसंतानं त्यांच्यापुढे काळीठिक्कर फिल्म धरली. हायपोत न बुडवलेली फिल्म उजेडात काळी पडते.

"माझे फोटो?"

"साहेब, तुमचा हायपो त्या बैलात गेला."

साहेब माझ्याकडे वळले. "मग नगरला काय पाठवू? बैल?"

"चालेल साहेब. पण आज प्रवास नको, अशक्त आहे."

मला मेमो मिळाला. आठवड्यानं उद्घाटन पुन्हा झालं, तीच फीत गाठ मारून पुन्हा कापली. भानुदासच्या वावरात मात्र जोडी चालली.

पुढे माझ्या चार बदल्या झाल्या. प्रत्येक नव्या गावात राहायला खोली बघायच्या आधी मी फोटो स्टुडिओ कुठे आहे ते विचारलं.