स्थळाला धाडलेला फोटो
तालमीच्या मातीत हळद, तेल आन् ताक कालवतात. तो वास कुठं आला की मला नातीचा फोटो आठवतो. नात कुस्ती खेळायची. कॉलेज संपलं तसं तिच्या बापानं, म्हणजे माझ्या लेकानं, निलंग्याकडचं स्थळ बघितलं. पाहुण्यांनी फोटो मागितला. ती मला म्हणली, "आबा, साडीतला न्हाई धाडायचा. असा धाडू की बघून तेच नको म्हणतील." मी शाळा फारशी बघितली न्हाई, पण नातीला कधी नाही म्हणलो न्हाई. अहमदपूरचा फोटोवाला बोलावला. दिवस बुडायच्या टायमाला आम्ही माळावर गेलो. माती मी तालमीतून घमेल्यात नेली होती. फोटोवाला म्हणला, "बाबा, उधळा तिच्यावर, फोटो भारी येईल." मी म्हणलं, "ही माती उधळत न्हाईत, अंगाला लावतात." मग तिनं ती कपाळाला लावली, दंडाला चोळली आन् मांडी ठोकून, डोळे वटारून उभी राहिली. मागं सगळं आभाळ लाल. क्षणभर मलाच ती ओळखू आली न्हाई. येताना आम्ही दोघं लई हसलो. त्याच आठवड्यात पाहुण्यांचा फोन आला, "पोरगी पसंत हाय. दणकट हाय, रानातल्या कामाला बरी." लेकानं पेढे वाटले. तिनं एक घेतला, मीबी घेतला. आता तो फोटो तिच्या सासरी बैठकीत लावलाय, आल्या-गेल्याला दाखवतात. मी गेलो की बरोबर त्याच्याखालीच बसतो. तिथून तो दिसत न्हाई.