मोटारीवरची वाटी

लोणावळ्याच्या बाजारामागे एका शेठची भाताची गिरणी होती. विजेची मोटार आमच्याकडे नवलाईची होती, तेव्हाची ही गोष्ट. त्या मोटारीखालचा दगडी पाया आमच्या यांनी बांधला, मोटार बसवली, पुढे तीन वर्षं चालवलीसुद्धा. मग एका पावसाळ्यानंतर ती थरथरू लागली. भिंतीतले खिळे निसटून पडायला लागले, शेजारी कुरकुरले, आणि शेठनी बाजारातल्या सात दुकानांत जाऊन सांगितलं, "पाया वाकडा बांधलाय. फिटर कसला तो! गवंड्याच्या हाताखालीसुद्धा ठेवू नका." यांना काढून टाकलं. त्यानंतर यांना कुणी पान्यालाही हात लावू दिला नाही.

हे घरी बसून एकच सांगायचे. "अगं, इजेचा खटका पाडला की थरथर तितंच थांबती. चाक फिरतंय, पट्टा फिरतोय, आन् थरथर न्हाई. पाया वाकडा असता तर चाक थांबेस्तवर हादरलं असतं. इजेची वढ आत एका अंगाला जास्त पडतीया."

"मग शेठला सांगा की."

"सांगितलं. ऐकत न्हाई."

सांगितलं म्हणजे काय, मान खाली घालून पुटपुटले असतील. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. कांडताना मी त्या शेठच्या नावाने मुसळ हाणत होते, हे आज कबूल करते.

दसऱ्याला गिरणीत यंत्राची पूजा असे. बायका मोटारीला हळदकुंकू वाहायच्या, मग मुहूर्ताला ती घटकाभर चालवायची. प्रसादाला बाजारातली सगळी मंडळी जमायची. बोलावणं नव्हतं, तरी मी गेले; यांनाही बळेच नेलं. माझ्या ताटात हळदकुंकवाशेजारी पाण्याने भरलेली पितळी वाटी होती.

मोटार सुरू झाली तशी मी वाटी तिच्या लोखंडी बैठकीवर ठेवली. पाणी नाचू लागलं, काठावरून उडू लागलं. "बघा समद्यांनी," म्हटलं आणि भिंतीवरचा खटका खाली ओढला. चाक गरगर फिरतच होतं. वाटीतलं पाणी मात्र त्याच क्षणी स्थिर झालं.

"पाया वाकडा असता तर पानी अजून नाचलं असतं. थांबली ती नुसती ईज. आता मोटार उघडा."

शेठ म्हणाले, आजच्या दिवशी नको. पण एवढी माणसं बघत होती. चाक थांबल्यावर यांनी झाकण काढलं. आत तांब्याच्या तारेची दोन वेटोळी जळून काळी पडली होती. ती वगळून उरलेली परस्पर जोडली होती, म्हणून ओढ एकाच बाजूला पडत होती.

"नव्या तारेचा खर्च वाचवायला दुसऱ्याकडून जोडून घेतली. वाटलं, तेवढ्यावर भागेल," शेठ पुटपुटले. म्हणजे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं!

"वहिनी, झालं गेलं विसरा. त्यांना उद्यापासून कामावर पाठवा," शेठ मला म्हणाले.

"जितं बोललात, तितं जाऊन बोला," मी म्हटलं.

संध्याकाळी सोनं वाटायच्या वेळी शेठ आपट्याची पानं घेऊन बाजारात निघाले. प्रत्येक दुकानात पान द्यायचं आणि म्हणायचं, "पाया सरळ होता. खोटं मी बोललो." मी मागे उभी, वाटी हातात घेऊन. मला फार बरं वाटत होतं. तिसऱ्या दुकानात त्यांचा आवाज फुटेना, डोळे भरून आले.

हे जवळ येऊन हळूच म्हणाले, "पुरं झालं आता. म्हातारा मानूस हाय. चल घरी."

"अजून चार दुकानं ऱ्हायलीत," मी म्हटलं, आणि शेठना पुढे व्हायला लावलं.